हजेरीपटावर नसलेला रिगर: तळोज्याच्या एका यार्डातलं प्रकरण

पार्श्वभूमी

तळोजा एमआयडीसीत एक मध्यम आकाराचं फॅब्रिकेशन यार्ड आहे. कारखान्यांच्या शेडचे कॉलम, गर्डर, पाइप रॅकचे सांगाडे तिथे बनतात आणि ट्रेलरवर चढून गुजरात, ओडिशापर्यंत जातात. कंपनीचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी या कंपनीचा नोकर नाही. क्रेन ऑपरेटर आणि रिगर (माल बांधून हुकाला लावणारा, ऑपरेटरला इशारा देणारा माणूस) यांना शिकवणारा, त्यांची परीक्षा घेणारा बाहेरचा माणूस म्हणून मला बोलावलं, तेही अपघात झाल्यावर.

शेडच्या आत २० टनी दोन ईओटी क्रेन, म्हणजे छताजवळच्या रुळांवर सरकणाऱ्या, खाली लोंबणाऱ्या पेंडंटवर, बटणांच्या डबीवर चालणाऱ्या. बाहेर यार्डात भाड्याच्या तीन हायड्रा, १४ टनी. हायड्रा काय असते हे इथे कुणाला समजावायला नको. बंद पडलेला ट्रक ओढण्यापासून मोबाइल टॉवर उभा करण्यापर्यंत सगळीकडे तीच असते. पुढे बूम म्हणजे क्रेनचा लांब हात, हुकला माल, आणि तो माल टांगलेला असतानाच चाकांवर चालत जायचं. जमिनीवर टेकून आधार देणारे पाय, म्हणजे आउटरिगर, नाहीत. वळते ती कंबरेतून, त्यामुळे वळताना माल एका अंगाला जातो आणि मशीनचा तोल बदलतो. माल डोळ्यांसमोरच लटकत असल्यामुळे ऑपरेटरला पुढचं नीट दिसत नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी हायड्रावर बंदी किंवा निर्बंध घातलेत ते याच कारणांनी. मध्यम कंपन्यांना तिच्याऐवजी दुसरी क्रेन आणायचा खर्च परवडत नाही, म्हणून हायड्रा राहते आणि तिच्याबरोबर मालाला हात लावून चालणारे दोन हेल्परही राहतात.

कंपनीची सुरक्षेची फाइल जाड होती. क्रेनची वार्षिक तपासणी, स्लिंगांची (माल बांधायचे पट्टे, दोर, साखळ्या) तपासणी, हायड्रांचे विमे, ऑपरेटरांची लायसन्सं, सगळं प्लॅस्टिकच्या कव्हरांत.

काय घडलं

२०२२च्या सप्टेंबरातला शनिवार, दुपारचे चार. ट्रेलर गेटवर उभा, संध्याकाळच्या आत भरून निघायचा. ११ मीटर लांबीचा, प्लेट जोडून बनवलेला एच आकाराचा कॉलम हायड्रानं रंगकामाच्या शेडपासून ट्रेलरपर्यंत न्यायचा होता. ड्रॉइंगवर वजन ४.२ टन. पाच मीटरचे दोन पिवळे बेल्ट घेतले, दोन ठिकाणी फास टाकून आवळले, दोन्ही टोकं हुकात. (वेब स्लिंगला यार्डात सगळे बेल्टच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) पिवळा म्हणजे तीन टनांचा. तीन अधिक तीन सहा, माल सव्वाचार. हिशोब झाला.

कॉलमच्या फ्लॅंजची, म्हणजे एचच्या बाजूच्या सपाट प्लेटची, कड गॅसनं कापलेली, बोट फिरवलं तर चिरेल अशी. एरवी मुकादम तिथे गोणपाटाच्या घड्या सरकवायचा. त्या दिवशी मुकादम गावी गेला होता.

कॉलम दीड फूट उचलला गेला, हायड्रा हलली. एका टोकाला तेवीस वर्षांचा हेल्पर फ्लॅंजला हात लावून चालत होता, माल झोके घेऊ नये म्हणून. वीसेक पावलांवर खड्डा होता. हायड्राचं चाक त्यात उतरलं, मालाला हिसका बसला आणि ब्रॅकेटच्या बाजूचा बेल्ट कडेवर तुटला. कॉलमचं ते टोक खाली आपटलं आणि उसळून मुलाच्या डाव्या पायावर आलं. पायात सेफ्टी शूज होते. पण त्यातली स्टीलची टोपी असते फक्त बोटांवर. बोटं वाचली, मागची तीन हाडं मोडली.

पहिला निर्णय तासाभरातच घ्यावा लागला. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं सुचवलं, गेटबाहेर मोटारसायकलवरून पडला असं लिहू. प्लँटप्रमुखांनी नकार दिला. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकणार नसेल तर तेव्हाच्या कारखाने अधिनियमाप्रमाणे ते कळवावंच लागायचं, एवढं त्यांना माहीत होतं. मुलाचं नाव ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, नोंदलेलं होतं, त्यामुळे उपचार आणि पगाराच्या ९० टक्के भत्ता सुटला. सुपरवायझरचं ऐकलं असतं तर कामावरची इजा म्हणून मिळणारा हा भत्ता अडचणीत आला असता. पुढच्या सगळ्या गोष्टींना जागा मिळाली ती या नकारामुळे, असं मला वाटतं. खोट्या कागदावर सुरू झालेली चौकशी खरी उत्तरं देत नाही.

मूळ अडचण

मी मंगळवारी पोहोचलो. तुटलेला बेल्ट ठेवून दिला होता, हे चांगलं केलं होतं. अर्ध्या रुंदीपर्यंत सरळ, सुरीनं कापल्यासारखी चीर. उरलेला भाग मात्र ओढून फाटलेला, धागे पिंजारलेले.

कॉलम वजनकाट्यावर नेला. ५.३ टन. ड्रॉइंगचा आकडा जुना होता. नंतरच्या बदलात ब्रॅकेट वाढले, बेसप्लेट जाड झाली, पण वजनाचा रकाना कुणी बदलला नाही.

मग ऑफिसच्या फळ्यावर हिशोब मांडला. फास आवळण्यात बेल्टची दीड मीटर लांबी गेली, हुकपर्यंत उरली साडेतीन. दोन फासांमधलं अंतर ५.४ मीटर. म्हणजे बेल्टचा जमिनीशी कोन साधारण ४० अंश. प्रत्येक बेल्टवर ताण आला ४.१ टन. तीन टनी बेल्ट फास टाकून वापरला की त्याची ताकद ८० टक्क्यांवर येते, म्हणजे २.४ टन. यार्डातल्या मंडळींच्या हिशोबात पावणेदोन टन शिल्लक होते. माझ्या हिशोबात बेल्ट क्षमतेच्या जवळपास पावणेदोन पट ताणलेला होता.

"पण साहेब, आम्ही असेच माल रोज उचलतो," सुपरवायझर म्हणाला. खरं बोलत होता तो. चांगल्या वेब स्लिंगला सात पट राखीव ताकद दिलेली असते. तीन टनी नवा बेल्ट सरळ ओढला तर २१ टनांच्या आसपास तुटतो. म्हणून चुकीचा कोन, चुकीचं वजन, चुकीचा फास हे सगळं रोज पचून जातं. या राखीव ताकदीनं माणसांना वर्षानुवर्षं चुकीचं शिकवलेलं असतं. धारदार कडेपुढे मात्र हे सात पट काही कामाचं नाही. ताणलेला धागा कडेवर एकदा चिरू लागला की सेकंदाचा खेळ.

फाइल पुन्हा उघडली. हायड्राच्या ऑपरेटरकडे प्रमाणपत्र होतं, लॅमिनेट केलेलं, फोटोसकट. नीट वाचलं तर ते ईओटी क्रेनचं होतं, आधीच्या कंपनीत मिळालेलं. पेंडंटची बटणं दाबणारी क्रेन आणि माल टांगून खड्ड्यांतून चालणारी क्रेन यांत साम्य एवढंच की दोन्हीकडे हुक असतो. दोन वर्षांत ते कुणी वाचलं नव्हतं. प्रमाणपत्र आहे, एवढी खूण पुरेशी होती.

आणि बेल्ट लावणारा? त्याचा कागदच नव्हता. ठेकेदाराच्या मस्टरवर सतरा माणसं 'हेल्पर' आणि कंपनीच्या मस्टरवर सहा 'फिटर असिस्टंट'. बेल्ट निवडणं, फास टाकणं, ऑपरेटरला इशारा देणं ही कामं या तेवीस जणांत, ज्याचा हात रिकामा असेल त्याच्याकडे जायची. रिगर नावाचं पद अख्ख्या यार्डात नव्हतं. जुन्या गोदीत या कामाला खलाशी होते, त्यांचा मान होता, त्यांची भाषा होती. इथे ते काम हेल्परच्या पगारात विरघळून गेलं होतं.

कायद्याकडे बोट दाखवून हे सुटत नाही. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८च्या कलम २९मध्ये उचल-यंत्रं, साखळ्या, दोर, स्लिंग यांची दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासणी सांगितली आहे. सुरक्षित भारापेक्षा जास्त उचलायचं नाही, तो भार यंत्रावर ठळक लिहायचा, हेही आहे. पण ती तपासणी यंत्राची. बांधकामासाठी तेव्हा लागू असलेल्या १९९८च्या केंद्रीय नियमांत माणसाबद्दल थोडं पुढचं होतं: उचल-यंत्र चालवणारा १८ वर्षांवरचा, सक्षम, भरवशाचा, धोक्यांची जाण असलेला आणि ठराविक काळानं वैद्यकीय तपासणी झालेला हवा. सक्षम म्हणजे कसा, हे मालकानं ठरवायचं. आणि बहुतेक मालक ते लॅमिनेशनच्या दुकानात ठरवतात.

कोणते पर्याय होते

प्लँटप्रमुखांनी मला बोलावलं ते वेगळ्याच अपेक्षेनं. "रविवारी सगळ्यांना बसवतो. एका दिवसात ट्रेनिंग, संध्याकाळी सर्टिफिकेट. क्लायंटचं ऑडिट पुढच्या महिन्यात आहे." ऑपरेटर सहा, बेल्टला हात लावणारे तेवीस, २९ सर्टिफिकेटं. असे दिवस मी पूर्वी केलेत, नाकारत नाही. प्रोजेक्टरवर स्लाइड, दुपारी पुलाव, शेवटी ग्रुप फोटो. त्यातून ऑडिट पार पडतं. सोमवारी बेल्ट मात्र आदल्या शनिवारसारखाच लागतो.

दुसरा पर्याय ऑपरेटरांना बाहेरच्या केंद्रावर पाठवण्याचा. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलच्या चौकटीत क्रेन ऑपरेटरचं मूल्यांकन होतं, अनुभवी माणसाला आधीच्या अनुभवाच्या जोरावरही प्रमाणपत्र मिळवता येतं. याचा फायदा असा की कागद यार्डाबाहेरही चालतो, माणसाची किंमत वाढते. अडचण अशी की हायड्राचे ऑपरेटर कंपनीचे नव्हतेच, मशीनबरोबर भाड्यानं आलेले. ज्याची माणसं तो खर्च करायला तयार नव्हता. म्हणाला, शिकवलं की पळतात. शिवाय यामुळे बेल्ट लावणारा होता तिथेच राहत होता.

तिसरा पर्याय: आधी प्रत्येकाला हुकाखाली उभं करून बघायचं, त्यावरून गट पाडायचे, ज्याला जे येत नाही तेवढंच शिकवायचं, आणि मग कंपनीनं स्वतःच्या सहीचं अधिकारपत्र द्यायचं. त्यावर तीनच गोष्टी: कुठली क्रेन किंवा कुठलं काम, किती वजनापर्यंत, किती तारखेपर्यंत. अमेरिकेच्या ओशानं, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेनं, क्रेन ऑपरेटरांसाठी २०१८मध्ये जे नियम पक्के केले त्यात हीच फोड आहे: प्रशिक्षण वेगळं, बाहेरचं प्रमाणपत्र वेगळं, आणि त्या माणसाला या मशीनवर या कामासाठी बसवावं का हे मालकानं स्वतः तपासणं वेगळं. आपल्याकडे तिन्हींचं एकच सर्टिफिकेट होतं.

तिसऱ्या पर्यायाची किंमत वेळेत मोजायची होती. तपासणी होईपर्यंत यार्डातली जड उचल जवळपास बंद. ट्रेलरचं हॉल्टिंग, म्हणजे उभं राहण्याचं भाडं, रोज चढत होतं. प्लँटप्रमुखांनी विचारलं, किती दिवस? मी पाच म्हणालो, ते दोन म्हणाले, चारवर तुटलं. त्या चार दिवसांत दोन टनांवरचा माल फक्त शेडच्या आत, ईओटीवर, माझ्या किंवा मेंटेनन्सच्या इंजिनिअरच्या नजरेखाली उचलायचा असं ठरलं.

काय केलं

पहिल्या दिवशी मीच चूक केली. वीस प्रश्नांची लेखी परीक्षा, मराठी आणि हिंदीत, चार पर्यायांची. निकाल उलटा आला. आयटीआय झालेल्या एका पोराला अठरा गुण. त्याला मी डी-शॅकल (बेल्ट आणि हुक जोडायची, पिन घालून बंद होणारी लोखंडी कडी) हातात दिली तर पिन कुठल्या बाजूला यावी हे सांगता येईना. आणि रत्नागिरीचे एक चाचा, सोळा वर्षं आखाती देशांत रिगिंग करून परतलेले, इथे हेल्परच्या मस्टरवर, त्यांना पाच. चाचांना वाचताच येत नव्हतं. पेपर घडी करून खिशात ठेवत ते म्हणाले, "साहेब, बेल्ट वाचून घ्या ना माझ्याकडून."

तेच केलं. ताडपत्रीवर बारा नग मांडले: बेल्ट, वायर रोप, साखळी, शॅकल. त्यांतले पाच बाद व्हायला हवेत असे. एका बेल्टचं लेबल गायब, एकाला गाठ, एकावर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी धागे वितळून काचेसारखे झालेले, वायर रोपची एक लड बाहेर आलेली, आणि एका शॅकलला मूळ पिनेऐवजी बाजारातला बोल्ट. प्रत्येकाला एकट्यानं बोलावलं, पाच मिनिटं दिली, तोंडी विचारलं. चाचांनी पाचही बाजूला काढले आणि सहावा एक उचलला, जो मी चांगला म्हणून ठेवला होता. बेल्ट दुमडून शिवणीजवळ दाखवला: आतल्या बाजूला बोटभर चीर. मी ओशाळलो. तेवीस जणांत पाचही ओळखणारे चौघे. बोल्टवाला शॅकल सर्वांत कमी जणांना खटकला, कारण यार्डात निम्मे शॅकल तसेच होते.

मग कोन. इथे फळ्यावरचं साइन-कोसाइन काही कामाचं नसतं. मी दोन ताणकाटे आणि दहा किलो वाळूची पिशवी घेऊन फिरतो. दोन जणांनी दोरीची टोकं ताणकाट्यांना अडकवून पिशवी मधोमध धरायची. दोघं अगदी जवळ उभे, दोऱ्या सरळ: प्रत्येकी पाच किलो. लांब सरकून ६० अंश: पावणेसहाच्या पुढे. ४५: सात. ३० अंशाला दोन्ही काटे दहावर. पोरं वाकून काट्यात बघतात, पिशवीत कुणी वाळू टाकली का म्हणून. एकजण म्हणाला, "म्हणजे आई आणि मी कळशी धरून चालतो तेव्हा ती लांब गेली की हात भरतो, तसं." त्याच्यापुढे मला काही शिकवायचं उरलं नाही. त्यातून एकच नियम दिला: दोन फासांतलं अंतर बेल्टच्या हुकपर्यंतच्या लांबीपेक्षा जास्त नको. दोन्ही सारखी असली की त्रिकोण समभुज होतो, कोन ६०. शनिवारच्या कॉलमवर हे अंतर ५.४ होतं आणि बेल्ट साडेतीन. डोळ्यांनीच दिसलं असतं.

ऑपरेटरांची बाब जास्त नाजूक होती. तिघा हायड्रा ऑपरेटरांना केबिनमध्ये बसवून विचारलं, ही किती उचलते? तिघांचंही उत्तर: चौदा टन. कुठे? या प्रश्नाला शांतता. चौदा टन ती बूम सगळ्यात आत आणि माल अगदी नाकाशी असताना. चार मीटरवर सहा टन आणि आठ मीटरवर तीन टन यांचा पुढे उलथवणारा जोर सारखाच असतो, हे मी बाटल्या मांडून दाखवलं. एका केबिनमधला लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलायचं याचा तक्ता, उन्हानं पांढरा पडलेला, दुसऱ्यात त्यावर देवीचा स्टिकर. देवी सन्मानानं डॅशबोर्डवर आणली. सहा ऑपरेटरांपैकी चार्ट वाचता आला एकाला.

डोळे तपासले तेव्हा दोघांना लांबचं धूसर दिसत असल्याचं निघालं. त्यातल्या एकानं चष्मा घरी ठेवला होता. चष्मा लावला तर मालक काढून टाकेल ही भीती. हा निर्णय मी प्लँटप्रमुखांवर सोडला आणि त्यांनी चांगला घेतला: चष्म्याचे पैसे कंपनी देईल, तोवर तो ईओटीच्या ग्रीसिंगवर, पगार तोच.

इशाऱ्यांचा घोळ अनपेक्षित निघाला. चाचा आणि दोन जुने लोक माल खाली घ्यायला 'आर्या' आणि वर घ्यायला 'हाबेस' म्हणत. जहाजावरच्या खलाशांची ही भाषा. आर्या तर पोर्तुगीजांकडून आलेला. झारखंडचा नवा ऑपरेटर आर्या ऐकून थांबायचा, त्याला वाटे कुणाला तरी हाक मारताहेत. मला ते शब्द आवडतात, पण ठरवलं असं की ऑपरेटर फक्त हाताचे इशारे मानेल, तेही एकाच माणसाचे, ज्याच्या अंगात नारिंगी जॅकेट असेल. अपवाद एक. थांब हा इशारा झाडूवाल्यानं दिला तरी थांबायचं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी यादी झाली. तेवीसपैकी चौघे थेट रिगर, अकरा जण शिकवून होण्यासारखे, आठ जण सध्या हुकापासून लांब. या आठांत प्लँटप्रमुखांच्या गावचा एक होता, त्यावरून थोडी ताणाताणी झाली. अकरा जणांना तीन आठवडे, रोज सकाळी एक तास, प्रत्यक्ष मालावर शिकवलं. शेवटी पुन्हा ताडपत्री.

माणसांच्या पलीकडे दोन गोष्टी कराव्या लागल्या. रंगकामाच्या आधी प्रत्येक नगावर खरं वजन आणि गुरुत्वमध्याची खूण रंगानं लिहायची. काम क्वालिटीवाल्यांचं, आणि तेही काट्यावर घालून. आणि मालाला हात लावून चालणं बंद: दोन्ही टोकांना गाइड रोप, माणूस दोर धरून मालापासून आणि चाकापासून लांब.

सगळ्यात अवघड मागणी मी शेवटी मांडली. मस्टरवर रिगर हे पद घाला आणि हेल्परपेक्षा पगार वाढवून द्या. कंपनीच्या मस्टरवर ते झालं. ठेकेदारानं 'बघू' म्हटलं.

निष्पत्ती

पुढच्या वर्षभरात उचल-कामात कुणाला इजा झाली नाही. एवढ्या लहान यार्डात एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून दुसऱ्या खुणा सांगतो.

मार्चअखेरीला, म्हणजे माल पाठवायची सर्वांत जास्त घाई असते तेव्हा, अकरापैकी एका पोरानं गर्डरवर वजन लिहिलेलं नाही म्हणून उचल थांबवली. सुपरवायझर ओरडला. पोरगा हलला नाही, दोन्ही हात आडवे करून उभाच राहिला, ऑपरेटरनंही इंजिन बंद केलं. प्लँटप्रमुख खाली आले, सगळ्यांदेखत म्हणाले, "काट्यावर घाला." वजन ड्रॉइंगएवढंच निघालं. सुपरवायझर कुत्सित हसला, पण प्लँटप्रमुखांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला, तेही सगळ्यांनी बघितलं. वजन चुकीचं निघालं असतं तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती. बरोबर निघूनही त्याला कुणी बोल लावला नाही, हे जास्त मोलाचं.

फसलेलंही बरंच. डिसेंबरात रात्रपाळीला हायड्राच्या भाडेवाल्यानं अधिकारपत्र असलेल्या ऑपरेटरऐवजी भलताच माणूस पाठवला आणि तो तीन रात्री काम करून गेला. चौथ्या रात्री चाचांनी ओळखलं. त्यानंतर गेटवर वॉचमन अधिकारपत्राचा फोटो माणसाशी ताडून बघू लागला. वॉचमनला हे शिकवायला दहा मिनिटं लागली, आणि सुरुवातीलाच सुचायला हवं होतं. पंधरापैकी पाच रिगर वर्षभरात गुजरातेत दहेजकडे शटडाउनच्या (कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या) कामांवर गेले, जास्त पैशांसाठी. पाचही ठेकेदाराच्या मस्टरवरचे होते. कंपनीच्या मस्टरवरचा एकही गेला नाही.

एक दोष माझ्या सहीचा. एका हायड्रा ऑपरेटरला दुसऱ्या फेरीत मी काठावर पास केलं. माणूस कमी पडत होता, दोन दिवस फोन येत होते. जूनमध्ये त्यानं ढिगाखाली अडकलेली प्लेट हुक लावून आडवी ओढली. बूम फक्त वर उचलायला असतो, आडवं ओढलं की तो पिळतो. वाकला नाही, नशीब. त्याचं पत्र काढून घेतलं, पण ते मी दिलंच कसं हा प्रश्न माझ्याकडे राहिला.

३१ जुलै २०२३च्या रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर जागेवर बसवणारं अवजड यंत्र) कोसळून २० जण गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत मला जेवढे फोन आले तेवढे आधी कधी आले नव्हते. बहुतेकांचा पहिला प्रश्न: एका दिवसात किती सर्टिफिकेटं होतील?

पुन्हा करायचं झालं तर

सुपरवायझरांना पहिल्या दिवशी बसवीन. मी खालून सुरुवात केली आणि तीन आठवडे शिकलेल्या पोरांना न शिकलेल्या माणसाच्या हुकमाखाली पाठवलं. मार्चमधला तो प्रसंग धैर्याचा वाटतो, पण त्या धैर्याची गरज पडली यात माझा वाटा आहे.

खरेदी विभागालाही बोलावीन. वर्षाच्या मधेच कुणीतरी स्वस्तातले, लेबल नसलेले बेल्ट आणले आणि ते महिनाभर वापरात होते. हायड्राच्या भाड्याच्या करारात ऑपरेटरचं मूल्यांकन ही अट पहिल्यापासून घालीन. नंतर घालायला गेलो तर भाडेवाला दर वाढवून मागतो, आणि मागितला.

लेखी परीक्षा घेणार नाही. ऑडिटरला कागद हवाच असतो, तर तोंडी उत्तरांचा कागद मीच लिहीन आणि खाली त्याचा अंगठा घेईन.

पायाची हाडं मोडलेला मुलगा पाच महिन्यांनी परत आला. जड काम नको म्हणून त्याला स्लिंगांची खोली दिली. प्रत्येक बेल्टला नंबर, जाताना सही, येताना तपासणी. बाद झालेला बेल्ट तो स्वतः मधोमध कापतो, कारण तसाच टाकला तर रात्री कुणीतरी टेम्पो ओढायला नेतो आणि सकाळी तो पुन्हा खुंटीवर दिसतो. मागच्या खेपेला गेलो तेव्हा तो एक हिरवा बेल्ट कापत बसला होता, आणि शेजारी ठेकेदाराचं महिन्याचं बिल सहीसाठी पडलं होतं. उचल-कामाची माणसं: हेल्पर, नग आठ.